पाळ फोडली तर काय? टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळापासून ऑनलाइन जगापर्यंत

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे इतरांनाही कळेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात तुम्ही वाचनालय चालवता. आठवी ते दहावीची बारा-पंधरा पोरं संध्याकाळी तिथे येतात, पुस्तकांसाठी कमी आणि वायफायसाठी जास्त. त्यांना कागद आणि फाशांवरचा रोल-प्लेइंग खेळ (प्रत्येकाने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं आणि ते काय करतं ते बोलून सांगायचं) शिकवावा असं तुमच्या मनात आलं, तर त्यातला एक जण म्हणाला, "सर, ते जुनं झालं. आता तेच मोबाइलात चित्रासहित भेटते." त्याला काय सांगायचं, आणि सुरुवात टेबलापासून करायची की ऑनलाइनपासून, असं तुम्ही विचारलंय. पोरं मोबाइलवर काय काय खेळतात त्याची यादीही दिलीय.

मी कुठून बोलतेय तेही सांगायला हवं. नऊ वर्षं मी पुण्यात एका ऑनलाइन गेमच्या सपोर्टमध्ये रात्रपाळी केली. पदाचं नाव होतं 'गेम मास्टर'. गेली सहा वर्षं चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावी असते आणि दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात पोरांना टेबलावरचा खेळ खेळवते. तिथेही माझं पद गेम मास्टरच, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि निकाल देणारा पंच. नाव एकच, पण दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमच्या त्या पोराला द्यायचं उत्तर त्या फरकातच आहे.

जुनं की नवं, हा खरा मुद्दा नाहीच. खेळाडूने असं काही केलं की जे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, तर त्याला उत्तर कोण देतं? या सगळ्या खेळांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

आमच्या व्हरांड्यातलंच सांगते. गोष्ट अशी होती की गावच्या मामा तलावात एक जलराक्षस येऊन बसलाय आणि कोणाला पाणी घेऊ देत नाही. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तुमच्या कापसाच्या पट्ट्यात ते फारसे दिसत नाहीत, आमच्या धानाच्या भागात गावोगावी आहेत. मी तयारी करून बसले होते. राक्षसाची ताकद किती, त्याला कशाने इजा होते, देवळातल्या पुजाऱ्याला काय माहीत आहे, सगळं वहीत लिहिलेलं. नववीतला एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, त्याच्याशी लढतो कायले? मी पाळच फोडतो. पाणी गेलं का तो तडफडतेच."

माझ्या वहीत पाळ, म्हणजे तलावाचा बांध, फोडण्याबद्दल एक ओळ नव्हती. पण गेम मास्टरने त्या क्षणी 'असं करता येत नाही' म्हटलं की खेळ तिथेच मरतो. मी म्हटलं, "फोड. पण पाळीखालच्या बांध्यांत आत्ताच रोवणी झालीय. त्या कोणाच्या आहेत?" दुसरा एक पोट्टा ताडकन उठला. त्याच्या पात्राच्या बापाचं वावर तिथेच होतं, तसं त्याने पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. "अबे, माया बापाचं धान वाहून जाईन ना!" पुढची चाळीस मिनिटं राक्षस बाजूलाच राहिला. पाळ फोडायची की नाही, फोडली तर भरपाई कोण देणार, पाणी हळूहळू सोडता येईल का, यावर असं भांडण पेटलं की ग्रामसभेत होत नाही. मी फक्त अधूनमधून फासे टाकायला सांगत होते.

हेच ऑनलाइन गेममध्ये असतं तर? पाळ हे एक चित्र. त्यावर कुदळ मारली तर खणखण आवाज येईल, कदाचित ठिणगीही उडेल, पण ती फुटणार नाही. फुटू शकते असं कोणी प्रोग्रॅममध्ये लिहिलेलंच नाही. आणि माझ्या जुन्या नोकरीत त्या पोराने तक्रार टाकली असती, तर मी तयार साच्यातलं उत्तर पाठवलं असतं: आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद.

आता इतिहास, कारण पोरांना तो सांगावाच लागतो. या खेळांचं मूळ लढाईच्या सरावात आहे. प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात रायसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 मध्ये नकाशावर खेळायच्या युद्ध-खेळाचे नियम छापले. सैन्याचे ठोकळे, फासे, तक्ते आणि मध्ये एक पंच. नियम इतके किचकट होते की पंच तक्ते चाळतच बसायचा. म्हणून 1870 च्या दशकात त्याच सैन्यातल्या काहींनी ते तक्ते जवळजवळ बाजूला ठेवले: अनुभवी पंचाला जे योग्य वाटेल तोच निकाल. नियम मोठा की पंच मोठा, हा वाद तेव्हापासूनचा आहे आणि अजून मिटलेला नाही.

पुढचं वळण अमेरिकेतलं. 1969 मध्ये मिनेसोटात डेव्ह वेसली नावाच्या गड्याने युद्ध-खेळात एक बदल केला. प्रत्येकाला सैन्याची तुकडी न देता एकेका माणसाची भूमिका दिली. ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक गावात कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यार्थी. लढाई सुरू व्हायच्या आधीच खेळाडू एकमेकांशी कुजबुजायला लागले, कट रचायला लागले, दोघांनी तर द्वंद्व लढायचं ठरवलं. वेसलीकडे त्याचे नियम नव्हते. जागच्या जागी निकाल देत त्याने रात्र काढली, आणि आपला खेळ फसला असंच त्याला वाटलं. खेळणारे मात्र पुन्हा खेळू म्हणून मागे लागले. माझ्या मते रोल-प्लेइंगचा जन्म त्या फसलेल्या रात्री झाला, छापील पुस्तकात नाही.

वेसलीच्या मंडळातल्या डेव्ह अर्नेसनने ही पद्धत जादू-राक्षसांच्या आणि तळघरांच्या जगात नेली. विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने नियम बांधले, आणि 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आलं. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई 1,000 प्रतींची, किंमत 10 डॉलर. योद्धा, जादूगार आणि पुजारी हे तीनच पेशे. आज तुमची पोरं मोबाइलवर 'टँक' (मार झेलणारा), 'हीलर' (बरं करणारा) वगैरे म्हणतात ना, त्यातले बरेच जण या तिघांचेच नातू-पणतू. मार किती सोसवेल याचे आकडे, अनुभवाचे गुण मिळवून वर चढायची लेव्हल, हे सगळं त्या पुस्तिकांमधून आलंय.

यापुढचा प्रवास मी पोरांना असा सांगते की पंचाचं एकेक काम यंत्राने उचललं.

पहिलं काम हिशोबाचं, आणि ते लगेच गेलं. खेळ बाजारात आल्यावर पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणक यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी तळघरात फिरायचे खेळ लिहिले होते. ती यंत्रणा शिकवण्यासाठी होती. खेळ जागा अडवतात म्हणून ते पुसले जायचे, आणि पोरं परत लिहायची. (शाळेच्या कॉम्प्युटरवर गेम टाकणारी पोरं ही काही आजची जात नाही.) 1980 च्या दशकात 'अल्टिमा', 'विझर्ड्री', मग जपानमध्ये 1986 ला 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि 1987 ला 'फायनल फँटसी'. या खेळांत हिशोब चोख आणि चित्रं सुंदर, पण तुम्ही एकटे. सोबतीला माणूस नाही.

दुसरं काम वर्णनाचं. 1976 च्या सुमारास विल क्राउदर या प्रोग्रॅमरने गुहेत फिरायचा एक खेळ लिहिला, सगळा शब्दांतला. तो स्वतः केंटकीच्या खऱ्या गुहांमध्ये उतरणारा माणूस होता आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सही खेळायचा. स्क्रीनवर वाक्य यायचं, तुम्ही 'उत्तरेला जा' अशासारखं टाइप करायचं. हा टप्पा मला फार आवडतो. चित्र नसल्यामुळे पोराला टेबलासारखंच मनात जग उभं करावं लागतं. मात्र यंत्राला माहीत असलेले शब्द ठरलेले. 'पाळ फोड' लिहिलं तर ते म्हणणार, कळलं नाही.

तिसरी गोष्ट माणसांची गर्दी. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने 'मड' नावाचा खेळ सुरू केला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. तोही शब्दांचाच, पण एकाच जगात एकाच वेळी अनेक खेळाडू. आजची सगळी ऑनलाइन जगं याच घराण्यातली. बार्टलने पुढे 1996 मध्ये एक निबंध लिहिला, त्यात खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: गुण कमावणारे, जग धुंडाळणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्याला त्रास देण्यात मजा वाटणारे. नऊ वर्षांच्या रात्रपाळीत मी हे चौघं रोज पाहिले. आमच्या व्हरांड्यातही आहेत. तुमच्या वाचनालयात पण दिसतील, बघा.

मग 1997 ला 'अल्टिमा ऑनलाइन', 1999 ला 'एव्हरक्वेस्ट', 2004 ला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. त्या शेवटच्या खेळाचे 2010 मध्ये 1 कोटी 20 लाख वर्गणीदार होते. तोवर हिशोब, चित्र, गर्दी सगळं सर्व्हरवर गेलं होतं. आणि पंच? तो तक्रार निवारण कक्षात जाऊन बसला. माझी नोकरी तीच. भिंतीत अडकलेली पात्रं बाहेर काढायची, हरवलेली तलवार परत द्यायची, शिव्या देणाऱ्याला तीन दिवस बंद करायचं. एका रात्रीत दीडशे तक्रारी. गोष्ट सांगायची परवानगी नव्हती.

इथवर वाचून वाटेल की मी टेबलाची बाजू घेतेय. थोडी घेतेय. पण ऑनलाइन जगाला एक गोष्ट मिळाली जी माझ्या व्हरांड्यात कधीच येणार नाही: ते जग तुमच्याविना चालू राहतं. आमचा जलराक्षस रविवार ते रविवार गोठलेला असतो. सर्व्हरवरचा बाजार तुम्ही झोपलात तरी भरलेला असतो. आणि हजारो माणसं एका जगात सोडली की अनपेक्षित गोष्टी घडतातच, फक्त त्या एका पंचाच्या डोक्यातून येत नाहीत.

अल्टिमा ऑनलाइन करणाऱ्यांनी जंगलाची अख्खी साखळी बांधली होती. गवत, ते खाणारे प्राणी, त्यांना खाणारे शिकारी प्राणी. हरणं कमी झाली तर लांडगे गावाकडे येतील, अशी कल्पना. ब्रह्मपुरीच्या माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वाघ शिवारात का येतो हे इथे शेंबडं पोरगंही सांगतं. पण खेळाडूंनी दिसेल तो प्राणी इतक्या झपाट्याने मारला की साखळी उभी राहायलाच वेळ मिळाला नाही, आणि ती सगळी मेहनत काढून टाकावी लागली. त्याच खेळाच्या चाचणीत, ऑगस्ट 1997 मध्ये, निर्माता रिचर्ड गॅरियट स्वतः राजाच्या रूपात प्रजेपुढे भाषणाला उभा होता. राजाला कोणी मारू शकत नाही अशी सोय असायची, पण ती त्या वेळी लावायची राहून गेली होती. एका खेळाडूने आग टाकली आणि राजा गेला.

दुसरं उदाहरण सप्टेंबर 2005 चं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका बलाढ्य शत्रूच्या शापाने रक्ताचा रोग लागायचा. तो त्या एका मंदिरापुरताच राहावा अशी योजना होती. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत पोचला आणि साथ पसरली. काही जण लोकांना बरं करायला धावले, काही गाव सोडून पळाले, काही मुद्दाम रोग पसरवत हिंडले. शेवटी सर्व्हर पूर्ववत करावे लागले. 2007 मध्ये साथरोगाच्या अभ्यासकांनी या घटनेवर 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये लेख लिहिला. कोरोनात आमच्या गावाच्या वेशीवर बांबू आडवे बांधले होते, तेव्हा मला राहून राहून ती मंदिराबाहेर आलेली साथ आठवत होती. पाच पोरांच्या टेबलावर हे घडू शकत नाही, त्याला गर्दीच लागते.

म्हणून तुमच्या पोराला 'ऑनलाइन वाईट, कागद चांगला' असं सांगू नका. ते खोटंही आहे आणि तो ऐकणारही नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेतले पालक याच कागद-फाशांच्या खेळाला सैतानाचा खेळ म्हणत होते, पोरं बिघडतील म्हणून. त्याला एवढंच सांगा की चित्रासहित मिळतं ते 'तेच' नाही. टेबलावरचा खेळ मेलेला नाही. वेगळ्या फांदीवर वाढला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे नियम 2014 मध्ये आले, आणि 2023 मध्ये त्यांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सर्वांना मोकळा झाला, म्हणजे तुम्ही तो मराठीत आणून पोरांना वाटला तरी चालतं, फक्त मूळ कोणाचं ते लिहायचं. उलट, गाजलेली 'बाल्डर्स गेट 3' ही 2023 ची कॉम्प्युटर गेम त्याच टेबलाच्या नियमांवर उभी आहे.

एक दुरुस्तीही करते, राग मानू नका. तुम्ही दिलेल्या यादीतले निम्मे खेळ, बीजीएमआयसारखे, रोल-प्लेइंग नाहीतच. ते नेमबाजीचे. त्यांनी लेव्हल आणि कपडे इकडून उचललेत, भूमिका नाही. आणि 'अवतार' हा शब्द बघा. 1980 च्या दशकात अमेरिकन गेमवाल्यांनी तो संस्कृतातून उचलला, आता पोरांच्या मोबाइलवर तो परत आलाय. आमच्याकडे अवतार म्हणजे अजूनही 'हा काय अवतार करून आलास?'

आता सुरुवात कुठून. हे तुमच्या परिस्थितीवर आहे. पोरं पंधरा असतील आणि चालवणारे तुम्ही एकटे, तर सगळ्यांना एकदम बसवू नका. टेबलावर पाच, फार तर सहा. बाकीच्यांचा दुसरा वार. वेचणीच्या दिवसांत निम्मी पोरं येणार नाहीत, तेव्हा लांबलचक कथा न घेता एका बैठकीत संपणारी घ्या. पोरांना इंग्रजी जड जात असेल तर छापील नियम आधी दाखवूच नका. मी एका पानाचे नियम वापरते: पात्राचं नाव, तो काय चांगलं करतो, काय वाईट करतो, आणि त्याचं गावात कोण आहे. तो शेवटचा प्रश्न कधीच सोडू नका. पाळीचं भांडण त्याच्यामुळेच झालं.

तुम्ही स्वतः पंच होणार असाल तर एक सवय लावा. पोराने काहीही म्हटलं तर आधी 'हो' म्हणा, मग 'पण' लावा. पहिल्या वर्षी मी उलट करायचे. नियम पाठ, प्रत्येक गोष्टीला पुस्तकातला दाखला. रात्रपाळीचं डोकं घेऊन बसले होते. दोन महिन्यांत अकराची चार पोरं उरली. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रेक्षकातून कोणी ओरडलं तर विनोदी नट संहिता सोडून त्याला तिथल्या तिथे उत्तर देतो आणि परत कथेवर येतो. ते बघत मी लहानाची मोठी झाले, तरी व्हरांड्यात ते सुचायला मला वर्ष लागलं.

आणि जी पोरं ऑनलाइन खेळणारच आहेत त्यांच्याबद्दल एक गोष्ट त्यांच्या आईवडिलांना नक्की सांगा. जेवायला हाक मारली तर पोरगं उठत नाही, ते दरवेळी उद्धटपणा नसतो. अनेक जण एकत्र खेळतात त्या जगात पॉजचं बटण नसतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांना चाळीस माणसं लागायची. एक उठला तर बाकीचे मरायचे. म्हणून मोहीम सुरू व्हायच्या आधी वेळ ठरवायची, मधेच मोबाइल ओढायचा नाही. पैसे मात्र वेगळा विषय. नशिबाची पेटी उघडायला पैसे मागणारा खेळ असेल तर आईच्या मोबाइलवरचं यूपीआय आधी बंद. या बाबतीत मी अजिबात मऊ नाही. पोराने बापाचे बियाण्याचे पैसे उडवल्याच्या तक्रारी मी स्वतः वाचल्या आहेत.

राहिले फासे. वीस बाजूंचा फासा तुमच्या तालुक्यात मिळणार नाही, मागवावा लागेल. तोवर घरचं सामान चालतं, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी, 5 टक्के. दोन साधे फासे टाकले तर बेरीज 7 येण्याची शक्यता 36 पैकी 6, आणि 2 येण्याची 36 पैकी 1. म्हणजे निकाल मधे गोळा होतात, टोकाचं क्वचित घडतं. सहा कवड्या टाकल्या आणि दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर तीन उताण्या पडायची शक्यता 64 पैकी 20, आणि सहाच्या सहा उताण्या 64 पैकी 1. खऱ्या कवड्या सारख्या पडत नाहीत, हे आजीला विचारा. मी अवघड कामाला दोन फासे घेते आणि देवावर हवाला ठेवायच्या क्षणी कवड्या. तेव्हा पोरं श्वास रोखून बघतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्टीलच्या डब्यात 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या. फक्त काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत डब्यात टाकायला लावा. मी ते सांगायला विसरले होते. तिसऱ्या रविवारी आमची एक सातवीतली पोरगी कोपऱ्यात बसून कोणते आकडे निघून गेले ते पाटीवर लिहीत होती, आणि मोठे आकडे उरले की बरोबर तेव्हाच राक्षसावर धावून जायची.